पुस्तक घरपोच, वॉर्ड मात्र घाटापलीकडे

मुक्त विद्यापीठ म्हणजे काय, हे आपल्या समाजाला शिकवण्याची गरज नाही. पोस्टात, रेल्वेत, एसटीत, बंदरावर नोकरी करता करता ज्यांनी पदवी घेतली, त्यांच्यापैकी कित्येकांच्या भिंतीवर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे नाहीतर दिल्लीच्या इग्नूचे प्रमाणपत्र लटकलेले आहे. इग्नू १९८५ साली निघाले, नाशिकचे विद्यापीठ १९८९ साली. ज्याला दिवसा कॉलेजात बसणे परवडत नाही त्याच्या घरी पुस्तकांचा गठ्ठा पोहोचवायचा, हा विचार मुळात चांगलाच आहे. मराठी घेऊन बी.ए. करणाऱ्याला तो पुरतो. प्रश्न उभा राहतो तो नर्सचा. तिच्या अभ्यासाचा निम्मा भाग पुस्तकात नसून खाटेवर झोपलेल्या माणसापाशी असतो, आणि खाट काही पोस्टाने येत नाही.

इग्नूचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग हा अभ्यासक्रम १९९४ पासून चालू आहे. जनरल नर्सिंगचा डिप्लोमा झालेल्या, कौन्सिलकडे नोंदणी असलेल्या आणि नोकरीत असलेल्या परिचारिकेसाठी तो आहे. नियमित महाविद्यालयात हीच पदवी दोन वर्षांत होते, पण त्यासाठी नोकरी सोडावी लागते किंवा सरकारने पाठवावे लागते. इग्नूतून किमान तीन वर्षे लागतात, मात्र पगार चालू राहतो. मार्च २०२५ मध्येही त्याची प्रवेश परीक्षा झाली. म्हणजे दरवाजा अजून बंद झालेला नाही. दूरशिक्षणाने नर्सिंग शिकवायला यूजीसीने २०२० च्या नियमांत एरवी मनाई केली आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या एका उघड्या दरवाजाची किंमत कळते.

या पदवीने काय होते, असे आमच्या वाड्यांतले पुरुष विचारतात. पदवी नसलेली नर्स आयुष्यभर वॉर्डात राबते आणि पदवी असलेली तिलाच शिकवायला येते, हे होते. नर्सिंग स्कूलमध्ये ट्यूटर व्हायचे, एम.एस्सी.ला जायचे, तर ही पायरी चढावीच लागते. सलाइन लावणारा हात आमचा आणि खडू धरणारा हात दुसऱ्याचा, ही वाटणी आपण किती दिवस चालवून घेणार?

माझ्या मावसबहिणीची गोष्ट सांगतो. ती मालवण किनाऱ्यावरच्या एका बौद्धवाडीतली. बाप होडीवर खलाशी, आई दुसऱ्यांच्या मळ्यात मजुरीला. डिप्लोमा करून ती एका ग्रामीण रुग्णालयात लागली, लग्न झाले, एक मुलगी झाली, आणि मग तिने इग्नूचा फॉर्म भरला. पुस्तके आली. इंग्रजी पुस्तके! प्रत्येक पानावर पेन्सिलीने मराठी अर्थ लिहीत तिने ती वाचली. नाइट ड्यूटीला पहाटे तीनच्या सुमारास वॉर्ड जरा शांत झाला की ती पुस्तक उघडायची. असाइनमेंट वेळेत गेल्या. पहिल्या वर्षाच्या लेखी परीक्षेत ती पास झाली. अडली ती प्रात्यक्षिकात.

प्रात्यक्षिकाचे दोन भाग असतात. काही कामे स्वतःच्या रुग्णालयात, आपल्याच वॉर्डात करून नोंदवहीत लिहायची आणि वरिष्ठांची सही घ्यायची. दुसरा भाग अभ्यासकेंद्रात, म्हणजे एखाद्या नर्सिंग कॉलेजला जोडलेल्या मोठ्या रुग्णालयात, शिक्षिकेच्या देखरेखीखाली करायचा. तिथे हजेरी सक्तीची. आणि ती असायलाच हवी, त्याबद्दल पुढे बोलतो. बहिणीचे केंद्र होते घाटापलीकडच्या शहरात. केंद्राचे नाव घेत नाही, कारण एका केंद्राला दोष देऊन हा प्रश्न सुटणारा नाही. तारखांचे पत्र यायचे ते आठ-दहा दिवस आधी. एकदा तर पत्र आले तेव्हा पोस्टिंग सुरू होऊन दोन दिवस झाले होते.

आता रुग्णालयाच्या बाजूने पाहू. ग्रामीण रुग्णालय म्हणजे तीस खाटा. मॉर्निंग, इव्हिनिंग, नाइट अशा तीन पाळ्या, आणि मंजूर जागांपैकी काही कायमच रिकाम्या. पुढच्या महिन्याचा ड्यूटी चार्ट या महिन्याच्या शेवटी लागतो. तो लागल्यावर एक बाई पंधरा दिवस जाते म्हणाली की उरलेल्या तिघी-चौघींच्या डोक्यावर डबल ड्यूटी बसते. इन्चार्ज सिस्टर नाही म्हणाली तर ती दुष्ट आहे म्हणून नव्हे, तिच्याकडे माणूसच नाही म्हणून. बहिणीने पहिल्या खेपेला सगळ्या हक्काच्या सुट्ट्या घातल्या. दुसऱ्या खेपेला मैत्रिणींशी पाळ्या बदलल्या आणि परत आल्यावर त्या फेडण्यासाठी सलग नाइट केल्या. तिसऱ्या खेपेला कोणाकडे मागणार? सहकारी बायकांचे उपकार घेऊन घेऊन जी पदवी मिळवायची, तिला सरकार ‘सेवांतर्गत शिक्षण’ म्हणते!

कायम नोकरीतल्या कर्मचाऱ्याला अध्ययन रजेचा नियम आहे. महाराष्ट्र नागरी सेवा रजा नियम १९८१ चे आहेत आणि त्यांत ही रजा आहे. पण ती एकदम लांबचे शिक्षण घ्यायला जाणाऱ्यासाठी बेतलेली आहे. वर्षातून तीन-चार वेळा पंधरा-पंधरा दिवस जाणाऱ्या बाईचा विचार तिच्यात नाही. कंत्राटी नर्सचे तर विचारूच नका. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ साली आले, तेव्हापासून आरोग्य खात्याचा मोठा भार अकरा-अकरा महिन्यांच्या करारांवर चालला. त्या कर्मचाऱ्यांनी कायम करा म्हणून २०२३ साली संप केला, २०२५ साली पुन्हा केला. जिचा करारच दरवर्षी टांगणीला, ती रजा मागायला तोंड उघडेल कशी?

प्रवासाची हकिकत तर वेगळीच आहे. मालवणला रेल्वे नाही. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली, पण ती आपल्या किनाऱ्यापासून आत, कणकवली-कुडाळ-सावंतवाडी अशी गेली. मालवणहून कुडाळ तीस किलोमीटरच्या आसपास. गावातून निघायचे तर रात्री मुक्कामाला आलेली वस्तीची एसटी पहाटे पकडायची. ती चुकली की पुढची गाडी चुकते, पुढची चुकली की सकाळच्या पाळीची हजेरी चुकते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रकच बदलते, गाड्या हळू धावतात आणि कधी कुठे दरड कोसळेल त्याचा नेम नाही. घाटाचेही तेच. गणपतीत तर चाकरमान्यांनी गाड्या भरलेल्या असतात, उभे राहायला जागा मिळत नाही. शहरातल्या टेबलावर बसून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पोस्टिंग लावणाऱ्याला हे माहीत नसते, कारण तो पाऊस त्याच्या वेळापत्रकात पडत नाही. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात एसटीचा संप चालला, तेव्हा किनाऱ्यावरच्या किती शिकणाऱ्या मुली घरी बसल्या याचा हिशेब कोणी ठेवला आहे काय? मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धे तिकीट झाले ही चांगलीच गोष्ट झाली. पण गाडीच नसेल तर अर्धे तिकीट घेऊन बसायचे कुठे?

आणि पोहोचल्यावर राहायचे कुठे? केंद्राच्या वसतिगृहात नियमित मुलींनाच जागा पुरत नाही. पंधरा दिवसांसाठी खोली शोधायला बहीण एका घरी गेली. घरमालकीण आधी छान बोलली. नर्स आहे म्हटल्यावर जास्तच छान बोलली. मग आडनाव विचारले. नंतर म्हणाली, आमच्याकडे पाहुणे यायचे आहेत. पुढचे पंधरा दिवस बहिणीने एका लांबच्या नातेवाइकाच्या दोन खोल्यांच्या घरात, स्वयंपाकघरात झोपून काढले. ज्या हातांनी त्या शहरातल्या लोकांची लघवीची भांडी उचलायची, त्याच हातांना त्या शहरात उशी मिळत नाही. सावित्रीबाईंनी १८९७ साली पुण्यात प्लेगच्या रोग्यांना स्वतः नेऊन दवाखान्यात घातले आणि त्यातच त्यांना मरण आले. त्या पुण्याईची भाषणे दर जानेवारीला ऐकणारे लोक आजही आडनाव विचारून खोली देतात, हे मधेच सांगितल्याशिवाय राहवले नाही.

पैशाचे बघा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिच्या २०१० च्या नियमांत पत्रद्वारा शिकणाऱ्यांना फी आणि वर the पुस्तकांसाठी वर्षाला १२०० रुपये, एवढेच धरले होते. प्रवास नाही, मुक्काम नाही. २०२१ च्या नियमावलीत कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख. नर्सचा पगार आणि नवऱ्याचा पगार एकत्र धरला की ती मर्यादा केव्हाच ओलांडते. आपल्या राज्याची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे, ती वसतिगृह न मिळालेल्या, शहरात राहून पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी. नोकरी करत, येऊन-जाऊन शिकणारी बाई दोन्ही योजनांच्या मधल्या फटीत पडते. ती गरीब म्हणून मोजली जात नाही आणि विद्यार्थिनी म्हणूनही मोजली जात नाही.

यावर काही शहाणे म्हणतात, मग प्रात्यक्षिकच कमी करा, ऑनलाइन करा. मी त्या रांगेत नाही. रुग्णाला हात न लावता नर्स तयार होत नाही, आणि कागदावर झालेल्या प्रात्यक्षिकाचे काय होते ते मध्य प्रदेशात देशाने पाहिले. तिथल्या नर्सिंग महाविद्यालयांची उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआय चौकशी झाली. नियमात न बसणारी महाविद्यालये निघाली, आणि २०२४ साली चौकशी करणाऱ्या सीबीआयच्याच अधिकाऱ्याला लाच घेताना अटक झाली. असल्या पदवीची नर्स कोणाच्या वाट्याला येते? श्रीमंताच्या नव्हे. ती येते सरकारी दवाखान्यातल्या आपल्या आई-बहिणीच्या वाट्याला. म्हणून तास पुरे भरावेत, सही खरी असावी, शिक्षिका डोळ्यांसमोर असावी. माझे म्हणणे एवढेच, की हे तास भरायला बाई दर वेळी घाटापलीकडे का जावी? वॉर्ड तिच्याकडे का येऊ नये?

वॉर्ड येऊ शकतो, याचा पुरावा सरकारनेच दिलेला आहे. उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमायचे ठरले, तेव्हा नर्सना सहा महिन्यांचा सामुदायिक आरोग्य प्रमाणपत्र अभ्यासक्रम देण्याची गरज पडली. तो अभ्यासक्रम याच इग्नूने २०१७ साली सुरू केला. त्यासाठी अनेक राज्यांत जिल्हा रुग्णालयांतच अभ्यासकेंद्रे उघडली, प्रात्यक्षिके जिल्हा रुग्णालय, प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र अशी जवळ जवळ लावली आणि खर्च आरोग्य अभियानाने उचलला. म्हणजे सरकारला नर्स हवी होती तेव्हा अंतर मिटले. नर्सला पदवी हवी आहे म्हटल्यावर ते अंतर पुन्हा उगवते!

आपल्या जिल्ह्याचे तर पूर्वी म्हणता येत होते की इथे शिकण्यासारखे मोठे रुग्णालयच नाही. सिंधुदुर्ग १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा झाला, पण गंभीर दुखणे आले की गाडी दक्षिणेकडे वळायची ती बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात थांबायची. २०१८ साली गोव्याने बाहेरच्या रुग्णांकडून पैसे घ्यायला सुरुवात केली, तेव्हा दोडामार्गात लोक रस्त्यावर उतरले. रुग्ण जिथे जातो तिथेच शिकणाऱ्यालाही जावे लागते, हे सगळ्याच परिचर्येचे सूत्र आहे. कारण बाळंतपण शिकायचे तर बाळंतिणी हव्यात, अतिदक्षता शिकायची तर तो विभाग हवा. पण २०२१-२२ पासून ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, डॉक्टरकीच्या शंभर जागांचे. शंभर मुलांना डॉक्टर करायला तिथल्या खाटा पुरतात, तर वर्षाला दहा-वीस सिस्टरांच्या प्रात्यक्षिकाला त्या का पुरू नयेत? मालवणची बाई ओरोसला सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येऊ शकते. मुलीला सासूकडे टाकायला नको, खोलीसाठी आडनाव सांगायला नको.

एक विषय मात्र जवळ आणता येणार नाही, तो मनोरुग्ण सेवेचा. राज्याची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये चार, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. त्यातले रत्नागिरीचे आपल्याला जवळचे, आणि तेही महामार्गाने मालवणपासून दीडशे किलोमीटरच्या वर. तिथे जावेच लागेल. मग जायची तारीख तीन महिने आधी कळू द्या, पावसाळा आणि गणपती सोडून लावा, आणि राहायची सोय लावणाऱ्याने करावी. यात अवघड काय आहे? दहावी-बारावीच्या परीक्षांच्या तारखा महिनोन् महिने आधी जाहीर होतात. त्या वेळेत वाचता याव्यात म्हणून. तीस खाटांच्या रुग्णालयाला चार्ट लावता यावा म्हणून एका नर्सच्या तारखा आधी सांगता येत नाहीत काय?

विलायतेत ओपन युनिव्हर्सिटीने २००२ पासून नर्सिंग सुरू केले. तिथे रुग्णालयात मदतनीस म्हणून काम करणाऱ्यांना त्यांचे रुग्णालयच शिकायला उभे करते. प्रात्यक्षिकाचे तास नोकरीच्या तासांतून सोडले जातात, प्रात्यक्षिक बहुतेक जवळपासच होते. म्हणजे शिकणारीने विद्यापीठ आणि मालक यांच्यामध्ये चिठ्ठ्या घेऊन धावायचे नाही, त्या दोघांनी आधी आपसात ठरवायचे. आपल्याकडे उलटे आहे. विद्यापीठ म्हणते रजा तुम्ही बघा, रुग्णालय म्हणते तारखा आम्हाला विचारून लागल्या काय? दोन कचेऱ्यांमधले अंतर बाईने आपल्या पगारातून, आपल्या झोपेतून आणि आपल्या लेकरापासून दूर राहून भरून काढायचे.

प्रात्यक्षिकाचे दिवस कर्तव्यकाळ म्हणून धरावेत, रजेत कापू नयेत. कंत्राटी नर्सलाही तेच लागू असावे. ती गेली असताना तिच्या जागी बदली परिचारिका मिळावी, म्हणजे मागे राहिलेल्या सिस्टरांना तिचा राग येणार नाही. हा शेवटचा मुद्दा लहान वाटतो, पण वॉर्डात ज्यांनी काम केले आहे त्यांना विचारा. पुष्कळ बायका तारखेमुळे थांबत नाहीत, मैत्रिणीच्या तोंडाकडे बघून थांबतात.

माझी बहीण दुसऱ्या वर्षी थांबली. तिसऱ्या खेपेच्या तारखा श्रावणात लागल्या होत्या, वॉर्डात डेंग्यू आणि लेप्टोच्या तापाचे रुग्ण भरलेले, दोघी सिस्टर आधीच रजेवर. ती गेली नाही. पुढच्या वर्षी सासूला अर्धांगवायू झाला. मग मुदत संपली. “माका परीक्षेक कधी भिया वाटला नाय रे,” ती मला म्हणाली, “पण त्या कागदार तारीख बघलंय की पोटात गोळो येय.” अर्धी भरलेली नोंदवही तिच्या कपाटात अजून आहे. त्यातल्या प्रत्येक पानावर सही आणि शिक्का आहे, फक्त शेवटची पाने कोरी.

आता तिची मुलगी जनरल नर्सिंग होऊन नोकरीला लागली आहे, आणि दोन वर्षे भरली की इग्नूची प्रवेश परीक्षा देणार म्हणते. सिंधुदुर्ग जिल्हा इग्नूच्या पणजी प्रादेशिक केंद्राकडे येतो. तिच्यासारख्या ज्या मुली मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या रुग्णालयांत आज काम करताहेत, त्यांनी प्रवेश मिळेपर्यंत थांबू नये. ओरोसला प्रात्यक्षिकाचे केंद्र मिळावे असा अर्ज आताच एकत्र सह्या करून पणजीला द्यावा, एक प्रत ओरोसच्या अधिष्ठात्यांना आणि एक जिल्हा शल्यचिकित्सकांना. आपल्या परिचारिका संघटनांनी आणि तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी त्या अर्जाच्या पाठीमागे उभे राहावे. अर्ज दिल्यावर पोच घ्यायला विसरू नये, आणि पोचेवर तारीख घालून घ्यावी.